ग्लॅडस्टन बदलला की फिरला?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. गेल्या अंकात तुम्ही विल्यम ग्लॅडस्टनबद्दल लिहिलंत. हा माणूस कट्टर टोरी, म्हणजे राजा आणि चर्च यांची बाजू घेणाऱ्या परंपरावादी पक्षाचा, म्हणून राजकारणात आला आणि पुढे इंग्लंडच्या लिबरल, म्हणजे उदारमतवादी, पक्षाकडून चार वेळा पंतप्रधान झाला, असं तुम्ही सांगितलंत. आमच्याकडे अंक चहाच्या हॉटेलात वाचला जातो. तिथं सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं : पक्ष बदलला तो दलबदलूच, मग तो लंडनचा असो की आपल्या जिल्ह्यातला. आम्ही आजवर इतके बघितले की ‘माझे विचार बदलले’ असं कुणी म्हणालं की उठून जावंसं वाटतं. यातला खरा कोण आणि खोटा कोण, हे ओळखायचं कसं?
(एक वाचक, जिंतूर)

उत्तर : हॉटेलातल्या मंडळींचा राग रास्त आहे. रात्री एका पक्षात झोपलेला माणूस सकाळी दुसऱ्या पक्षाचा गमछा गळ्यात घालून फोटोला उभा राहतो. मधल्या काही तासांत त्याच्या मनात काय घडलं ते कुणालाच कळत नाही. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला, तरी हे थांबलं नाही. पण या रागापायी, माणूस खरोखर बदलू शकतो हेच आपण मानेनासे झालो तर फार मोठं नुकसान होईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी आधी बघते ते हे, की बदलामुळे त्या माणसाच्या पदरात काय पडलं आणि पदरातून काय गेलं. मग बघते, आपलं जुनं बोलणं तो लपवतो की चारचौघांत खोडून काढतो.

ग्लॅडस्टनचा जन्म १८०९ चा, लिव्हरपूलच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या घरातला. मताधिकार थोडासा वाढवणारं सुधारणा विधेयक आलं तेव्हा तो ऑक्सफर्डला शिकत होता. १८३१ मध्ये विद्यार्थ्यांच्या सभेत त्याने या विधेयकाविरुद्ध असं काही भाषण केलं की एका मित्राने आपल्या वडिलांना, म्हणजे न्यूकॅसलच्या ड्यूकना, ते कळवलं. ड्यूकच्या शब्दावर चालणारा न्यूआर्क मतदारसंघ त्याला मिळाला आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी तो खासदार झाला. १८३८ मध्ये त्याने एक पुस्तक लिहिलं. राज्याला माणसासारखी सदसद्विवेकबुद्धी असते, म्हणून राज्याने एकाच, इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक होते, तरी तिथेही हेच. आपल्याला १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे माहीत असलेल्या मेकॉलेने या पुस्तकाचं परीक्षण केलं आणि लेखकाला कडव्या, न वाकणाऱ्या टोरींची उगवती आशा म्हटलं. इथून हा माणूस निघाला.

आता १८४५ बघा. ग्लॅडस्टन तेव्हा टोरी पंतप्रधान पील यांच्या मंत्रिमंडळात होता. आयर्लंडमधल्या मेनूथ इथल्या कॅथलिक धर्मशिक्षणसंस्थेचं अनुदान वाढवायचं पील यांनी ठरवलं. आपला सिद्धांत प्रत्यक्षात चालणारा नाही, हे तोवर ग्लॅडस्टनला उमगलं होतं. अनुदान वाढायला हवं असंच त्याचंही मत झालं होतं. पण पुस्तकात तर उलट लिहिलेलं! मंत्रिपदावर बसून बाजूने मत दिलं असतं, तर खुर्चीसाठी मत फिरवलं असं लोक म्हणाले असते. म्हणून त्याने आधी राजीनामा दिला आणि मग त्याच विधेयकाच्या बाजूने मतदान केलं. स्वतः पील यांनाही हे वागणं नीटसं उमगलं नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला या राजीनाम्यात दिसतं. बदललेल्या मताची किंमत त्याने आधी चुकती केली, मत नंतर दिलं. आपल्याकडे या दोन गोष्टींचा क्रम नेमका उलटा असतो.

पुढच्याच वर्षी धान्यावरच्या आयातकराचा वाद पेटला. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं होतं, माणसं उपाशी मरत होती. पील यांनी कर उठवायचं ठरवलं, जमीनदार बिथरले आणि पक्ष दुभंगला. ग्लॅडस्टन पील यांच्या बाजूला राहिला. न्यूकॅसलच्या ड्यूकचा पाठिंबा गेला, न्यूआर्कची जागा गेली, आणि पुन्हा मंत्री झालेला असूनही हा माणूस संसदेबाहेर राहिला. १८४७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मतदारसंघातून तो परत आला.

त्याचं मन खऱ्या अर्थाने हललं ते इटलीतल्या नेपल्समध्ये. मुलीच्या डोळ्यांच्या आजारासाठी १८५० च्या हिवाळ्यात तो सहकुटुंब तिकडे गेला होता. तिथल्या राजाने राज्यघटना मागणाऱ्यांना तुरुंगात डांबलं होतं. कार्लो पोएरिओ हा एके काळचा मंत्री चोवीस वर्षांची शिक्षा भोगत होता, दुसऱ्या कैद्याच्या पायाला साखळीने जखडलेला. ग्लॅडस्टन तुरुंगात गेला, साखळ्या बघितल्या, कैद्यांशी बोलला. इंग्लंडला परतल्यावर १८५१ मध्ये त्याने पील यांच्या गटातले ज्येष्ठ नेते लॉर्ड ॲबरडीन यांना लिहिलेली दोन पत्रं छापून प्रसिद्ध केली. तिथली राज्यव्यवस्था म्हणजे ईश्वराच्या नकाराचीच व्यवस्था, हे त्यातलं वाक्य युरोपभर गाजलं. राजाच्या अधिकाराला पवित्र मानत मोठा झालेला हा माणूस. पण एका राजाचा तुरुंग त्याने डोळ्यांनी बघितला, आणि त्यानंतर ‘सुव्यवस्था’ या सबबीखाली काहीही खपवून घेणं त्याला जमेना. मी तीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला. एखाद्याचे विचार निव्वळ वाचनाने बदलले, असं फार कमी वेळा आढळलं. समोर एखादा माणूस यावा लागतो.

१८५९ चा प्रसंग त्याच्या विरोधकांना फार आवडतो. तोही सांगते. जूनमध्ये त्याने टोरी सरकारच्या बाजूने मत दिलं, ते सरकार पडलं, आणि काही दिवसांतच तो पामर्स्टन यांच्या लिबरल मंत्रिमंडळात अर्थमंत्री होऊन बसला. हॉटेलात कुणी एवढंच सांगितलं, तर दलबदलू हाच शिक्का बसेल. पण त्याआधीची तेरा वर्षं तो दोन्ही पक्षांच्या मधोमध, पील यांच्या छोट्या गटात होता. १८५१ मध्ये आणि पुन्हा १८५८ मध्ये टोरींनी त्याला मंत्रिपद देऊ केलं होतं. दोन्ही वेळा त्याने नकार दिला. ज्याला खुर्चीच हवी असते तो असे नकार देत नाही. पामर्स्टनशी त्याचं अनेक बाबतीत पटत नव्हतं. पण इटलीच्या स्वातंत्र्याबद्दल दोघांचं एकमत होतं आणि नेपल्सचा तुरुंग तो विसरला नव्हता.

१८६५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला हरवलं. चर्चला मानणाऱ्या तिथल्या मतदारांना तो आता आपला वाटत नव्हता. पराभवानंतर तो मँचेस्टरला गेला आणि भरसभेत म्हणाला की आता माझं मुसकं सुटलं. १८६८ मध्ये त्याने आपल्या जुन्या पुस्तकाचा हिशोब देणारी पुस्तिकाच छापली. ज्या सिद्धांताचा मी एवढा कैवार घेतला, त्या बुडत्या जहाजावर मीच शेवटचा उरलो होतो, असं त्यात त्याने लिहिलं. आणि १८६९ मध्ये, पंतप्रधान म्हणून, आयर्लंडमधल्या त्याच अधिकृत चर्चचा सरकारी दर्जा कायद्याने काढून घेतला. ज्या मतावर नाव कमावलं ते मत स्वतःच्या सहीने मोडणारा पुढारी आपल्याकडच्या मंडळींनी कितीदा बघितलाय, हे हॉटेलात विचारून बघा.

शेवटी १८८६ मध्ये आयर्लंडला स्वतःची विधानसभा देणारं विधेयक त्याने आणलं. वय शहात्तर. ९० हून अधिक लिबरल खासदार विरोधात गेले, विधेयक ३० मतांनी पडलं, सरकार गेलं आणि पक्ष फुटला. १८९३ मध्ये पुन्हा आणलं. या वेळी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, कॉमन्सने, मंजूर केलं, वरिष्ठ सभागृहातल्या लॉर्ड्सनी फेटाळलं. या सगळ्यात त्याच्या पदरात काही पडलं नाही.

प्रश्न : मॅडम, मी अंबाजोगाईला बी.ए.ला आहे. गाव धारूर तालुक्यात. आई-बाबा दसरा झाला की कोयत्यावर जातात, उचल फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षी परत जातात. तुमच्या लेखानंतर मी मोबाईलवर शोधलं तर ग्लॅडस्टनच्या बापाचे उसाचे मळे होते आणि त्यावर गुलाम होते, असं दिसलं. हे तुम्ही लेखात लिहिलं नाही. उसाच्या पैशावर शिकलेल्या माणसाला उदारमतवादी म्हणायचं का?
(एक विद्यार्थी, धारूर)

उत्तर : तू शोधलेलं खरं आहे, आणि ते पूर्ण सांगायला हवं.

वडील जॉन ग्लॅडस्टन यांचे मळे कॅरिबियन भागातल्या डेमेरारात होते, आजच्या गयानात. तिथे १८२३ मध्ये गुलामांचा मोठा उठाव झाला. तो ज्या मळ्यावर सुरू झाला, तो ‘सक्सेस’ नावाचा मळा यांचाच. उठाव अतिशय क्रूरपणे चिरडला गेला. दहा वर्षांनी, जून १८३३ मध्ये, तरुण विल्यमने संसदेत गुलामगिरीच्या प्रश्नावर पहिलं महत्त्वाचं भाषण केलं, ते वडिलांच्या मळ्यावरच्या कारभाराचा बचाव करायला. गुलामगिरी संपावी, पण सावकाश, आणि मालकांना भरपाई देऊन, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच वर्षी कायदा झाला. जॉन ग्लॅडस्टनना २,५०८ माणसांच्या बदल्यात १ लाख ६ हजार ७६९ पौंड मिळाले. त्या २,५०८ जणांना एक पैसाही मिळाला नाही. उलट ‘शिकाऊ’ म्हणून त्याच मळ्यांवर आणखी काही वर्षं राबावं लागलं.

आणि पुढचं तर आपल्या फार जवळचं आहे. मळ्यांवर माणसं कमी पडणार हे दिसताच जॉन ग्लॅडस्टनने कलकत्त्याहून मजूर मागवले. मे १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजं भारतीय मजूर घेऊन डेमेरारात पोचली. करारावर अंगठा, काही वर्षांची बांधिलकी, परतीची आशा. मुकादमाने दिलेली उचल आणि ती फिटेपर्यंतचा कोयता तू घरात बघितलेला आहेस, त्यामुळे त्या कराराचा अर्थ तुला माझ्याहून जास्त कळेल.

विल्यमने नंतर काय केलं? अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू असताना, ऑक्टोबर १८६२ मध्ये, न्यूकॅसलच्या सभेत तो म्हणाला की दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी सैन्य उभं केलं आहे, आरमार उभं करत आहेत आणि एक राष्ट्रही उभं केलं आहे. दक्षिण म्हणजे गुलामांचे मालक. १८९६ मध्ये, मरणाच्या दोन वर्षं आधी, त्याने लिहून ठेवलं की ती आपली अविश्वसनीय वाटावी अशी घोडचूक होती. पण वडिलांच्या मळ्यांचा, भरपाईच्या पैशाचा तेवढाच स्वच्छ हिशोब त्याने कधी दिला नाही. राजाच्या तुरुंगात तो स्वतः गेला होता. आपल्या बापाच्या मळ्यावर तो कधीच गेला नाही. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवते, आणि त्याच्या बदलाची वाट कुठे थांबली ते मला तिथे दिसतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या वंशजांनी गयानात जाऊन या सगळ्याबद्दल जाहीर माफी मागितली.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर : हो, मी त्याला उदारमतवादी म्हणेन, आणि १८३३ चं भाषण खाली न दडवता म्हणेन. तुला तसं म्हणवत नसेल, तर तेही मला मान्य आहे. परीक्षेत लिहिताना मात्र तुझ्या रागासोबत हे आकडेही लिही, कारण रागाला आकड्यांचा आधार असला की तो कुणाला उडवून लावता येत नाही.

प्रश्न : ग्लॅडस्टनचा आणि आपल्या मराठवाड्याचा काय संबंध? आपण तर निजामाच्या राज्यात होतो.
(एक वाचक, सेलू)

उत्तर : थेट संबंध फार थोडा. १८८० मध्ये त्याने व्हाइसरॉय म्हणून पाठवलेले लॉर्ड रिपन फेब्रुवारी १८८४ मध्ये हैदराबादला आले आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या हाती राज्यकारभार सोपवला गेला. रिपन यांनी १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांचा ठराव आणला, पण तो ब्रिटिश हद्दीपुरता. आपल्याकडे त्याची झुळूकही लवकर आली नाही.

पण तुम्ही सेलूचे आहात म्हणून एक वेगळा धागा सांगते. माझे वडील सेलूच्या मोंढ्यात अडतीवर मुनीम होते. सरकी काढलेला रुईचा पुंजका दोन्ही चिमटींत धरून ते ओढायचे आणि तंतू आखूड की लांब, ते सांगायचे. गावरान कापसाचा तंतू आखूड. नेमका हाच आखूड तंतू १८६२ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीकामगारांच्या नशिबी आला. अमेरिकेतल्या युद्धामुळे तिकडचा लांब तंतूचा कापूस बंद झाला. वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. भारतातून जाणाऱ्या सगळ्याच कापसाला तिकडे ‘सुरत’ म्हणत, आणि तो सारखा तुटायचा म्हणून कामगार त्याला कंटाळले होते. गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसं सरकारी आणि धर्मादाय मदतीवर जगू लागली.

या कामगारांचा फायदा अमेरिकेच्या दक्षिणेने युद्ध जिंकण्यात होता. कापूस आला असता, चूल पेटली असती. तरी ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या सभेत त्यांनी लिंकनच्या बाजूने, गुलामगिरीच्या विरुद्ध ठराव केला. लिंकनने जानेवारीत त्यांना उत्तर पाठवलं आणि त्यांच्या सोसण्याला वीरत्व म्हटलं. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी अर्थमंत्री ग्लॅडस्टन उलट बोलला होता, हे लक्षात घ्या. ज्यांना मताचा अधिकारही नव्हता ती उपाशी माणसं मंत्र्याच्या पुढे होती.

ग्लॅडस्टनला हे कळलं, आणि त्याने ते कबूल केलं, हा त्याच्या आयुष्यातला मला सगळ्यात प्रिय भाग आहे. मे १८६४ मध्ये तो संसदेत म्हणाला की ज्याला वैयक्तिक अपात्रतेमुळे किंवा राजकीय धोक्यामुळे वगळावं लागेल असा माणूस सोडला, तर प्रत्येकाला संविधानाच्या कुंपणाच्या आत येण्याचा नैतिक अधिकार आहे. लँकेशायरच्या कामगारांचा दाखला त्याने दिला होता. पामर्स्टन चिडले, राणी नाराज झाली. १८३१ मध्ये मताधिकाराविरुद्ध बोलून नाव काढलेला मुलगा तो हाच. १८८४ मध्ये त्याच्याच सरकारने खेड्यातल्या शेतमजुरापर्यंत मत नेलं.

बायकांपर्यंत मात्र नाही. त्याच १८८४ च्या विधेयकात बायकांना मताधिकार देणारी दुरुस्ती आली, ती त्याने अडवली. माझ्या आजीने १९५२ च्या निवडणुकीत सेलूजवळच्या खेड्यात मत दिलं. ती निरक्षर होती, विधवा होती, तिच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. ग्लॅडस्टनच्या कुंपणाच्या आत तिला जागा नव्हती. ती आंबेडकरांच्या संविधानाने दिली.

प्रश्न : मराठवाड्यातला असा उदारमतवादी पुढारी सांगा.
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : स्वामी रामानंद तीर्थ. तुमच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. त्यांनी स्वतःला लिबरल म्हणवून घेतलं नसतं, ओढा समाजवादाकडे होता. पण धर्म आणि राज्य यांची गाठ सोडवण्याच्या बाबतीत ते ग्लॅडस्टनपेक्षा लवकर आणि स्पष्टपणे पोचले, असं माझं मत आहे.

मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३. तरुणपणी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं. हे जोशी गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य. मग हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, संन्यास, आणि १९३५ पासून अंबाजोगाईची शाळा. भगवी वस्त्रं घातलेला माणूस, समोर मुस्लिम राजा आणि बहुसंख्य हिंदू प्रजा. धर्माच्या नावाने लढा पेटवणं किती सोपं होतं! त्यांनी मागणी कायम जबाबदार राज्यपद्धतीची ठेवली. १९३८ मध्ये त्यांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचेही सत्याग्रह सुरू होते. आपला लढा धार्मिक समजला जाऊ नये म्हणून डिसेंबरात स्टेट काँग्रेसने सत्याग्रह स्थगित केला. तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांना ते किती जड गेलं असेल! पण विलीनीकरणाची बाजू मांडणारे शोएबुल्ला खान यांच्यासारखे मुसलमान पत्रकार आपल्या बाजूला उभे राहू शकले, ते लढ्याचा हा चेहरा टिकला म्हणून. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी शोएबुल्ला खान यांचा खून केला.

प्रश्न : जिल्हास्तरीय वक्तृत्व स्पर्धेत मला हाच विषय घ्यायचा आहे. सात मिनिटं मिळतात. काय घेऊ, काय सोडू?
(एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : जन्म, शिक्षण, चार वेळा पंतप्रधान, हे सगळं सोड. परीक्षकांना ते माहीत असतं. जून १८३३ च्या भाषणापासून सुरू कर, म्हणजे सभागृह लगेच गप्प होईल. मेनूथचा राजीनामा दोन मिनिटांत सांग, तिथे घाई करू नकोस, कारण ऐकणाऱ्याला पहिल्यांदा ते उलटंच वाटतं. नेपल्स एका मिनिटात. मग लँकेशायर आणि १८६४ चं वाक्य, ते पाठ करून जा, अडखळू नकोस. आपल्या आजच्या कुठल्याही पुढाऱ्याचं नाव घेऊ नकोस. सभागृहातला प्रत्येक जण ते मनातल्या मनात घेणारच आहे.

शेवटचं दीड मिनिट बायकांच्या मताधिकारासाठी ठेव. तू मुलगी आहेस, पुढच्या निवडणुकीत मत देशील. १८८४ ची ती दुरुस्ती कुणी अडवली, हे तुझ्याच तोंडून यायला हवं.